पहिला पोहरा वाटेचा

श्रीकेरोबा महाराज हिवरतळे गावी देहाने वावरत होते, त्या काळातली ही गोष्ट. हिवरतळे म्हणजे माणदेशच्या माळावरचं एक लहानसं गाव. नावात तळं असल्यामुळे बाहेरगावच्या भक्तांची फार फसगत होते. येतात आणि तळं कुठे आहे म्हणून विचारतात. तळं आमच्या पणजोबांनीही पाहिलेलं नाही. हिवराची झाडं तेवढी आहेत, आणि वैशाखात त्यांची सावली अशी असते की तिच्यात बसण्यापेक्षा उन्हात चालत राहिलेलं बरं.

महाराजांना मठ नव्हता, गादी नव्हती. हातात तुराट्यांचा एक खराटा असे. सकाळी उठायचं, गावातल्या कुठल्याही गोठ्यात शिरायचं, शेण काढायचं, केर भरायचा आणि न बोलता पुढच्या गोठ्याची वाट धरायची, हीच त्यांची पूजा. म्हणून तर गाव त्यांना केरोबा म्हणू लागलं. कोणी उपदेश मागितला की महाराज वैतागत. "गोठा झाडलास का?" एवढंच विचारत. झाडला नसेल तर खराटा पुढे करत, आणि झाडला असेल तर "मग झालं की!" म्हणून निघून जात. या उत्तराने समाधान झालेला भक्त मी अजून पाहिलेला नाही.

गावाबाहेर, डोंगराकडे जाणाऱ्या वाटेला लागून अनसाबाई नावाच्या एका बाईची वस्ती होती. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, लेकी आपापल्या घरी. रान सगळं मुरमाड, त्यामुळे बाई जनावरांवरच जगत असे. कोशी नावाची एक खिलार गाय, एक म्हातारी म्हैस, एक कालवड, आणि एक बैल, जो कामाच्या वेळी लंगडायचा आणि वैरणीच्या वेळी धावत यायचा. गोठ्यामागे एक आड होता. आडाशेजारी, थेट वाटेच्या कडेला, जनावरांना पाणी पाजायची एक दगडी डोण होती, जमिनीलगत, वासराच्या तोंडाला येईल इतकी बुटकी.

एकदा या अनसाबाईने महाराजांचे पाय धरले आणि म्हणाली, "म्हाराज, मला मंतर द्या."

महाराजांनी तिच्याकडे पाहिलं, मग आडाकडे पाहिलं. "रोज पानी शेंदतीस न्हवं?"

"शेंदती की."

"मग पयला पोहरा त्या डोणीत वतत जा. वाटंच्या जनावरासाटी. मग तुझ्या दावणीला."

"आन मंतर?"

"ह्योच."

अनसाबाई हिरमुसली. तिच्या शेजारणीला कुठल्याशा महाराजांनी चांगला लांबलचक मंत्र दिला होता, आणि ती तो येताजाता ऐकवायची. आपल्या वाट्याला काय आलं, तर दोराला बांधून आडात सोडायचं पत्र्याचं भांडं! पण गुरूचा शब्द तो शब्द. दुसऱ्या दिवसापासून अनसाबाईचा पहिला पोहरा वाटेच्या डोणीत पडू लागला, आणि त्यात कधी खंड पडला नाही. कुरकुर मात्र रोज होती, हेही सांगितलं पाहिजे. काही मंडळी ही कथा सांगताना अनसाबाईला अगदी शांत, हसतमुख करून टाकतात. वैशाखात माणदेशात जनावरं सांभाळणारी हसतमुख बाई या मंडळींनी कुठे पाहिली, देव जाणे.

त्या वर्षीचा उन्हाळा तर विचारूच नका. वळवाचा एक शिंतोडा नाही. कडब्याची गंज बुडाला आली. जनावरांची तोंडं रिकामी राहिली की ती काय करतात हे ज्याने गोठा केलाय त्यालाच कळेल. कालवडीने छपराचं पाचट ओढून खाल्लं. मग वाळत घातलेलं लुगडं चघळलं. म्हैस चिखल शोधत फिरायची आणि तो नाही म्हटल्यावर अनसाबाईने सारवायला कालवलेल्या शेणातच जाऊन बसायची. बैल गव्हाणीत तोंड घालायचा, वैरण तीच जुनी आहे असं पाहून फुरफुरायचा आणि सगळी बाहेर उडवायचा. अनसाबाई एकेक काडी वेचून परत गव्हाणीत टाकायची. गोचीड काढता काढता बोटं दुखायची. वावटळी उठल्या की चुलीतली राख घरभर. "कुठल्या जन्मीचं देणं हाय रं तुमचं माझ्यावर?" असं ती चौघांनाही दिवसभर विचारायची, आणि चौघंही रवंथ करत तिच्याकडे बघत राहायची.

त्यात वाटेची डोण! सगळीकडचं पाणी आटलं तसं या डोणीचं नाव मुलखात झालं. धनगराच्या शेळ्या यायच्या. मोकाट कुत्री यायची. एक गाढव तर कोणाचं होतं कोण जाणे, रोज नेमाने यायचं, पाणी प्यायचं आणि जाताना डोणीला लाथ मारून जायचं. कडेला गांधीलमाश्या बसायच्या, त्यातली एक अनसाबाईला डसली. ती सुजलेला हात घेऊन महाराजांपुढे उभी राहिली. महाराज तिचाच गोठा झाडत होते.

"म्हाराज, गांधीलमाशी जनावरात धरायची का?"

"पानी पिती का?"

"पिती तर!"

"मग धरायची," महाराज म्हणाले आणि पुढचा कोपरा झाडू लागले.

आता हैबतरावांविषयी सांगतो. हैबतराव म्हणजे हिवरतळ्यातले मोठे खिलारवाले. त्यांच्या गोठ्यातला बैल जत्रेत उभा राहिला की पंचांनी दुसरीकडे बघायचंच नाही, असा त्यांचा दरारा. त्या साली त्यांच्याकडे सुभान्या नावाचा खोंड होता. पांढराशुभ्र, शिंगं निमुळती, चालला तर रस्त्याने बघत राहावं. खोटं कशाला बोला, जनावर देखणंच होतं. पण हैबतरावांचा तोरा असा की त्या शिंगांचा आकार जणू त्यांनीच घरी बसून घडवला. गावात भरपूर पाणी टिकून होतं ते एकट्या त्यांच्या विहिरीत. तिच्यावर त्यांनी बाभळीच्या काट्यांचं झाप घातलं होतं. महाराज एकदा त्यांच्या गोठ्यात खराटा घेऊन गेले, तर "आमच्याकडं गडी हायेत झाडायला" म्हणून दारातूनच परत पाठवलं.

एके दिवशी हैबतराव वाटेने चालले होते. डोणीवर गाढव पाणी पीत होतं, शेळ्या वाट बघत होत्या, आणि अनसाबाई कपाळाला हात लावून दारात बसली होती. हैबतरावांना हसू आवरेना.

"काकू, दुकान झ्याक चाललंय की! गिऱ्हाईक तर हटंना."

"तुमाला काय करायचंय? तुमच्या घरचं पाजती का?" अनसाबाई म्हणाली.

"मला काय करायचंय! पर आड आटला म्हंजी रडत कुनाच्या दारात येशीला? आन ह्ये तुमचं म्हाराज! लोकांचं गुरू रामनाम द्येत्यात, ह्ये गाढवाला पानी पाजा म्हनत्यात. गाढवाचंच गुरू म्हनायचं!"

महाराज गोठ्यात होते. त्यांना ऐकू गेलं नाही असं नाही, पण खराटा थांबला नाही. गुरूची निंदा ऐकून अनसाबाईचा मात्र संताप झाला. स्वतः ती महाराजांना दिवसातून कितीदा बोलायची, पण दुसऱ्याने बोललेलं तिला खपत नसे.

"आसं बोलू नगा, हैबतराव. कुनावर कवा येळ यील..."

"माज्यावर?" हैबतरावांनी मिशीवरून हात फिरवला. "काकू, माज्या हिरीवर पाखरू चोच बुडवत न्हाई. म्हनून माजा सुभान्या तसा दिसतोय. ध्येनात ठेवा, ह्या डोणीफुडं सुभान्या काय, माज्या वस्तीवरचं कुत्रंबी मान वाकवायचं न्हाई."

असं बोलून ते निघून गेले. गंमत अशी की सुभान्या लहान गोऱ्हा असताना हैबतरावांचा गुराखी त्याला रानात नेताना आणि आणताना याच डोणीवर पाणी दाखवत असे. सबंध दावणीला ठाऊक होतं, मालकाला नव्हतं. मालक लोकांचं हे असंच असतं.

वैशाख चढत गेला आणि आडाने दगा दिला. रात्रभरात जेवढं पाणी पाझरून साठायचं, ते रोज कमी होत गेलं. आधी वाटेचा पोहरा काढून चारही जनावरांचं भागायचं. मग दावणीला अर्धपोटी राहावं लागलं. अशातच कोशीचे दिवस भरत आले. कासेला ताठा आला, कंबर खचली. ज्याच्या घरी गाय व्यायला झाली आहे आणि पाणी नाही, त्याची अवस्था शब्दांत सांगण्यासारखी नाही. व्यालेली गाय पाण्यासाठी जीव टाकते. पाणी मिळालं नाही तर दूध उतरत नाही, वासरू उपाशी राहतं, आणि मग दोघांचंही खरं नसतं. अनसाबाईचं सगळं घर त्या एका गाईवर चालत होतं.

मनाचा हिय्या करून अनसाबाई घागर घेऊन हैबतरावांच्या विहिरीवर गेली. हैबतराव तिथेच उभे होते. जत्रा तोंडावर आली होती, सुभान्याला खरारा चालला होता.

"कोशी व्यायला झालीया, हैबतराव. माज्यासाटी नगं, तिच्यासाटी द्या. व्याली की घागरभर न्हेती."

हैबतरावांनी काट्याच्या झापाला हात लावला नाही. म्हणाले, "काकू, मी कोन देनारा? तुमचा पयला पोहरा गाढवाला. दुसरा म्हाराजांकडनं मागून घ्या की."

गडी हसले. अनसाबाई रिकामी घागर घेऊन परतली ती तशीच महाराजांपुढे जाऊन उभी राहिली आणि घागर त्यांच्यापुढे आदळली.

"न्हाई म्हनला!"

"न्हाई म्हनला का? बरं," महाराज म्हणाले.

"बरं? बरं काय, म्हाराज? तुमचं काय जातंय बरं म्हनाया! तुमाला दावण हाय का वासरू हाय? सांगायचं आन खराटा घिऊन बसायचं! आता मी काय करू त्ये सांगा."

महाराजांनी घागर उचलली, तिला कुठे पोचा आला का ते बघितलं आणि सावलीत नीट ठेवली. "आडात उद्याबी पोहरा सोड," ते म्हणाले. एवढंच. भक्तहो, सद्गुरूंच्या वाणीत अर्थ फार असतो म्हणतात. त्या क्षणी अनसाबाईला तो दिसला नाही, आणि त्याबद्दल तिला दोष देण्यात अर्थ नाही.

इकडे जत्रेचा दिवस उजाडला. डोंगरापलीकडच्या गावात नाथाची जत्रा भरे आणि तिथे सर्वांत उमद्या बैलाच्या मालकाला मानाचा फेटा बांधत. बैल भरलेला दिसावा म्हणून खिलारवाले एक युक्ती करतात. आदल्या दिवसापासून बैलाचं पाणी तोडायचं आणि भरड्यात मुठी भरून मीठ घालायचं. मग पंचांपुढे उभं करण्याआधी पाणी दाखवायचं. तहानलेलं जनावर पाण्यावरून तोंड उचलत नाही. कुशी टम्म भरतात, बरगडी दिसत नाही, आणि बघणारे वाहवा करतात. हैबतरावांनी तेच केलं. किंबहुना यंदा साल कठीण, इतरांचे बैल खप्पड असतील, आपला उठून दिसला पाहिजे म्हणून मीठ अंमळ जास्तच घातलं. आणि पाण्याचं काय? तर जत्रेत मोठा हौद आहेच की! दरवर्षी भरलेला असतो. अख्खा मुलूख पाण्यावाचून तडफडतोय, स्वतःच्या विहिरीवर काटे घालून बसलेला हा माणूस, पण तो हौद कोरडा असेल हे याच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. आता याला काय म्हणावं!

उन्हं चढता चढता हैबतराव डोंगर ओलांडून जत्रेत पोचले. हौदाच्या तळाशी पोरं गोट्या खेळत होती. सुभान्याने हौदात मान घातली, कोरडा दगड हुंगला आणि एकदम बिथरला. त्याने असा काही हिसका दिला की वेसणीची दोरी तुटली. पाल उडवत, माणसं पाडत तो आल्या वाटेने डोंगराकडे सुटला. हैबतराव मागे धावले. गडी दमून मागे राहिले. फेटा बाभळीला अडकला, वहाणा कुठे पडल्या त्यांना कळलंही नाही. मीठ खाल्लेल्या जनावराला वेळेत पाणी मिळालं नाही तर ते पाय झाडत मरतं, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं?

त्याच सकाळी अनसाबाईच्या गोठ्यात कोशी व्याली. वासरू झालं, पांढरं, कपाळावर भोवरा. पण पहाटे आडात पोहरा सोडला तेव्हा तो नुसता खडकावर वाजला. अनसाबाईने आपल्या पिण्याच्या पाण्याची घागर कोशीपुढे घमेल्यात रिकामी केली. तेवढ्याने काय होतंय? कोशीने घमेल्याचा तळ चाटला आणि हंबरली. वासरू कासेशी ढुशा देत होतं आणि धार उतरत नव्हती. अनसाबाई आडाच्या काठावर बसून राहिली, पाझर कधी साठतोय त्याची वाट बघत. ऊन डोक्यावर आलं, तेव्हा कुठे पोहरा बुडेल एवढं साठलं. तिने अलगद शेंदला. एक पोहरा, गढूळ, अर्धा चिखल. खाली पुन्हा खडक उघडा पडलेला.

पोहरा घेऊन ती उठली, तो गोठ्याच्या दारात महाराज.

"म्हाराज," ती म्हणाली, "आजचा ह्यो माज्या कोशीचा."

"कितवा हाय गं?"

"पयला. आन शेवटचाबी!"

"मग मला कशाला इचारतीस?"

"इचारलं कुटं? सांगतीया तुमाला!" अनसाबाईचा आवाज चिरकला. "वाटंवर हाय का कोन? बगा की! आज गाढवसुदिक आलं न्हाई. कुनासाटी वतू? धुळीसाटी?"

ती गोठ्याकडे दोन पावलं गेली असेल नसेल, तोच डोंगराच्या उतारावर धुळीचा लोट उठला आणि सुभान्या आला. तोंडाला फेस, डोळे लाल, जीभ बाहेर लोंबलेली. बैल थेट डोणीपाशी आला आणि थांबला. अनसाबाईच्या हातात पाणी होतं, त्याला वासही आला असणार, पण तो तिच्या अंगावर गेला नाही. लहानपणची सवय. डोणीवर मान वाकवून उभा राहिला आणि कोरडा दगड चाटू लागला.

अनसाबाईने त्याची जीभ पाहिली, ओठांवरचा पांढरा थर पाहिला आणि ती सगळं समजली. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"मीठ चारलंया मुडद्यानं! मीठ त्येचं आन पानी माजं व्हय? हैबता, तुजं वाटुळं हुईल! घागरभर मागितलं तर दात काढलंस. आन आता बैल धाडलास व्हय रं माज्या दारात? नगं, नगं, माज्याकडं बगू नगंस. माजी कोशी तिकडं..."

गोठ्यातून कोशी हंबरली. डोणीपाशी सुभान्याचे पुढचे पाय थरथरले. आता हा खाली बसणार आणि एकदा बसला की उठणार नाही, हे अनसाबाईला कळत होतं. ती आतही जाईना आणि बाहेरही येईना. माझ्या मायबापहो, नेम पाळणं सोपं असतं, जोवर दुसरा पोहरा येणार असतो.

मग ती रडत, शिव्या देत वळली. डोणीपाशी आली आणि सगळा पोहरा पालथा केला. शेवटचा चिखलाचा थेंबसुद्धा झटकून टाकला.

"पी! पी एकदाचा, आन जा!"

पाणी ते काय! डोणीच्या तळाला जेमतेम बोटभर. सुभान्याने तोंड लावलं. अनसाबाईला ते बघवेना. ती तोंड फिरवून गोठ्यात गेली, कोशीच्या गळ्यात पडली आणि "बाई गं, माजं चुकलं गं" म्हणून रडली. महाराज वासराचं अंग वाळल्या गवताने पुसत होते. बऱ्याच वेळाने ती डोळे पुसत बाहेर आली, तरी घटाघटा आवाज चालूच.

"आजून पितूयास? येवड्या बोटभर पान्याला येवडा येळ?" ती खेकसली. "चाटत बसलायस का दगूड?"

तेवढ्यात हैबतराव पोचले. अनवाणी, उघड्या डोक्याने, अंगरखा घामाने चिंब. बैल उभा आहे हे पाहून ते मटकन खाली बसले. पण बसल्या जागेवरून त्यांचं लक्ष बैलाच्या कुशीकडे गेलं. जनावर जाणणारा माणूस होता तो. कुशी भरलेल्या होत्या. टम्म भरलेल्या. त्यांनी डोणीत पाहिलं. तळाशी बोटभर पाणी होतं. सुभान्या पीत होता, त्याच्या गळ्याशी घोट वरखाली होत होता, आणि पाणी बोटभर ते बोटभरच होतं.

"काकू," ते कसेबसे म्हणाले, "कवाधरनं पितोय?"

"मगापासनं पितोय की! सरंना झालंय मेल्याचं..." आणि अनसाबाईने पहिल्यांदाच डोणीत नीट वाकून बघितलं. तिचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

काही मंडळी या ठिकाणी डोणीतून दुधाच्या धारा काढतात. एकाने तर गंगामाई प्रकट केली. एवढा आटापिटा कशाला, मला कळत नाही. पाणीच होतं ते, आणि गढूळ होतं. फक्त सरत नव्हतं. तेवढं पुरेसं नाही का?

सुभान्याने अखेर तोंड उचललं आणि समाधानाने श्वास टाकला. आता हैबतरावांना आपला घसा आठवला. डोंगर धावत ओलांडलेला माणूस, जीभ टाळूला चिकटलेली. "घोटभर पानी," ते म्हणाले.

"घरात थेंब न्हाई," अनसाबाई म्हणाली. तिच्या आवाजात आता राग नव्हता, नुसता थकवा होता. "घागर कोशीला वतली. हाय त्ये हितं."

हैबतरावांनी डोणीकडे पाहिलं. ओंजळ भरावी एवढं खोल पाणी नव्हतं. मग त्यांनी दोन्ही गुडघे धुळीत टेकले, दोन्ही हात डोणीच्या काठावर ठेवले आणि जिथे रोज गाढव प्यायचं त्या जागी, सुभान्याच्या शेजारी, मान खाली घालून पाण्याला तोंड लावलं. ते प्यायले, आणि पिता पिता त्यांच्या डोळ्यांतलं पाणी त्याच डोणीत पडलं.

गोठ्यातून कोशी पुन्हा हंबरली. अनसाबाई भानावर आली.

"म्हाराज!" ती ओरडली. "म्हाराज, ह्ये काय तुमचं! पर माज्या कोशीचं काय? ह्ये तर वाटंचं पानी. ह्यातलं घरच्या गाईला कसं चालंल?"

त्यावर महाराज दारात आले. हिवरतळ्यात महाराजांना मोठ्याने बोलताना कोणी ऐकलेलं नव्हतं, त्या दिवशी ऐकलं.

"आगं बये, मग गाईला वाटंवर आन की!"

अनसाबाई धावली. पण कोशी वासराला सोडून हलेना, आणि वासराचे पाय अजून धड टेकत नव्हते. तेव्हा हैबतराव उठले. कोणी सांगितलं नव्हतं. ते त्या गोठ्यात शिरले, ओलं, चिकट वासरू त्यांनी दोन्ही हातांवर उचललं, जत्रेसाठी घातलेल्या नव्या अंगरख्याशी धरलं आणि चालत वाटेवर आले. मागोमाग कोशी आली. डोणीवर आली आणि प्यायली. प्यायली, थांबली, पुन्हा प्यायली. मग वळून वासराला चाटू लागली, आणि चाटता चाटता तिने पान्हा सोडला. वासराच्या तोंडाच्या कडेने चिकाचा ओघळ आला तेव्हा अनसाबाई तिथेच वाटेत बसली आणि मोठ्याने रडली. मग म्हैस आली, कालवड आली. बिनकामाचा बैल सगळ्यांच्या पुढे घुसला.

हैबतराव महाराजांच्या पायांकडे वाकले. तसं महाराजांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि दोन पावलं मागे सरले.

"आता आनिक कशाला? झाला की तुजा नमस्कार. मगाशीच. सुभान्याच्या शेजारी."

"म्हाराज, माजं चुकलं. मी डोणीला नावं ठिवली, तुमाला..."

"हिरीवरचं काटं काढ," महाराज म्हणाले. "आन पयला पोहरा वाटंचा. माजं डोकं खाऊ नगंस."

हैबतराव त्यांच्या पायांना हात लावू शकले नाहीत, म्हणून त्यांनी डोणीच्या ओल्या काठावर कपाळ टेकलं आणि बराच वेळ उचललं नाही. महाराज तोवर गोठ्यात गेले होते. कोशीची वार अजून पडायची होती, ती उचलून गोठा झाडायचा होता.

त्या संध्याकाळी हैबतरावांनी आपल्या हातांनी बाभळीचं झाप ओढून काढलं. हात रक्ताळले, पण गड्यांना झापाला हात लावू दिला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या विहिरीचा पहिला पोहरा वाटेवर पडला, आणि दुसरा त्यांनी स्वतः अनसाबाईच्या दारी नेला. मान्सून येईपर्यंत अनसाबाईच्या डोणीत बोटभर पाणी राहिलं. कमी झालं नाही, आणि जास्तही झालं नाही. गाढव रोज येत राहिलं आणि जाताना लाथ मारत राहिलं. अनसाबाई त्याला शिव्या देत राहिली.

अशी महाराजांची लीला. ही कथा वाचून ज्याला हात जोडावेसे वाटतील त्याने ते खुशाल जोडावेत. पण आधी उठून आपल्या दाराबाहेर जावं, आणि येणाऱ्याजाणाऱ्या जनावरासाठी पाणी ठेवलंय का, एवढं बघून यावं.